शेवटच्या बाकावरच्या मॅडम

माणूस ओळखावा तर मीच. ही फुशारकी नाही, धंद्याचा अनुभव आहे. तेवीस वर्षं मी आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसतोय. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की नाकावरचा चष्मा बघून मी त्याचा स्वभाव सांगतो. एक दांडी वाकलेली असेल, तर हा माणूस कुशीवर पडून वाचतो आणि बायकोचं ऐकत नाही. काचेवर बोटांचे ठसे असतील, तर मनाने उदार पण वेळेचा कच्चा. आणि दांडीला सुतळी बांधलेली असेल, तर समजावं की हा घासाघीस करणार आणि शेवटी सुतळी बदलून घेऊन घरी जाणार.

अशी हजारो माणसं मी ओळखली. एकाच माणसाच्या बाबतीत गफलत झाली, आणि तो माझ्यापासून आठ फुटांवर, लाकडी पार्टिशनच्या पलीकडे बसायचा.

तो म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्याकडे कामाची वाटणी सरळ आहे. काउंटर माझं, कारखाना दादाचा. कारखाना म्हणजे मागची दहा बाय आठची खोली, एक स्टूल, आणि वडिलांनी घेतलेलं काच घासायचं यंत्र. कंपनीतून गोल काच येते. ती दगडी चाकावर धरायची, वरून पाण्याची बारीक धार सोडायची, आणि घासत घासत बरोबर फ्रेमच्या मापाची करायची. इकडे केसभर जास्त घासली, तर काच गेली. दादाची काच गेलेली मी पाहिलेली नाही.

दादा बोलत नाही. मुका नाहीये, 'हं' म्हणतो. जन्मभर ऐकून ऐकून मी त्या 'हं'चा कोश तयार केला होता. आखूड 'हं' म्हणजे ऐकलं. लांब 'हं' म्हणजे पटलं. नाकातून आला तर पटलं नाही, आणि दोनदा आला तर जेवायला वाढा. हा कोश मी वहिनीला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, अठ्ठावीस वर्षं संसार करून मला यातला एकच कळतो, जेवणाचा." मला वाटलं, बिचारीचं निरीक्षण कमी पडतं.

आता मालिकेकडे येतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

संध्याकाळी साडेसातला दुकान बंद करून आम्ही वर घरी जातो, तेव्हा टीव्हीवर एक मालिका लागते. दोन भाऊ आणि त्यांची लाकडाची वखार. थोरला भाऊ दगडासारखा. संताप आला तरी नुसता जबडा आवळतो, आणि कॅमेरा त्या जबड्यावर इतका वेळ थांबतो की तेवढ्यात भात होतो. धाकटा उलटा. आनंदाने रडतो, दुःखाने रडतो, आणि मधल्या वेळात बोलतो. अख्खा गाव या दोघांवरून दुभंगला होता. खरा पुरुष कोण, थोरला की धाकटा? आमच्या दुकानात नंबर तपासायला आलेली माणसं अक्षरांचा तक्ता सोडून यावर भांडायची.

मी थोरल्याच्या बाजूचा. माझी बायको धाकट्याच्या.

"पुरुष असा असावा," मी जबड्याकडे बोट दाखवून म्हणायचो. "एक शब्द नाही. सगळं आत."

"आत काय आहे ते कोणी बघितलंय?" बायको म्हणायची. "कपाट बंद आहे म्हणून भरलेलंच असतं असं नाही. आणि तुम्हाला काय करायचाय थोरला? तुम्ही तर नळाला पाणी आलं नाही तरी पाऊण तास बोलता."

"माझा मूळ स्वभाव थोरल्यासारखाच आहे. धंद्यामुळे बोलावं लागतं."

यावर बायको आणि वहिनी इतक्या हसल्या की मालिकेतला एक मृत्यू बुडाला. दादा कोपऱ्यात खुर्चीवर बसून फडक्याने स्वतःचा चष्मा पुसत होता. तो मालिका बघतो असं मला कधी वाटलंच नाही. पण चष्मा मात्र नेमका साडेसातलाच पुसायला घ्यायचा.

घरात माझी कदर होईना, म्हणून मी फोनवर त्या मालिकेच्या चाहत्यांच्या एका गटात शिरलो. साडेचार हजार माणसं होती. खरं नाव कोणीच लावत नव्हतं. मी 'पोलादी' हे नाव घेतलं आणि पहिल्याच दिवशी लिहिलं, 'थोरला हा निर्वीवाद पुरुष आहे. धाकटा म्हणजे गळका नळ.' दोनशे अंगठे आले. मला वाटलं, इतकी वर्षं मी चुकीच्या धंद्यात होतो.

तेवढ्यात खाली एक उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव 'शेवटचा बाक'.

'थोरला गप्प बसतो, कारण त्याला बोलता येत नाही. लोक त्याला ताकद समजतात, आणि मग त्यालाही तसंच समजून जगावं लागतं. धाकटा दार उघडून घरात येतो. थोरला आयुष्यभर दारात उभा आहे.'

भाषा स्वच्छ, शुद्धलेखन चोख, स्वल्पविराम जागच्या जागी. मी लगेच ताडलं की ही कोणी निवृत्त शिक्षिका असणार. वयस्कर, एकटी, खिडकीत एखादी कुंडी असावी. मी अदबीने लिहिलं, 'मॅडम, आपला अभ्यास दांडगा आहे. पण पुरुषाचं मन बाईमाणसाला कसं कळणार?'

मॅडमनी उत्तर दिलं, 'ते खरंच अवघड आहे. पुरुषांनाही कळत नाही.'

झालं, आमची जुंपली. महिनाभर रोज. मालिकेतला थोरला पायऱ्या उतरला तरी मी त्यात पौरुष शोधायचो, आणि मॅडम म्हणायच्या, 'त्याचा गुडघा दुखतोय, पण तो सांगत नाहीये.' पुढच्या आठवड्यात खरोखरच ते गुडघ्याचं दुखणं निघायचं. सगळा गट आमचं भांडण वाचायला जमायचा. कोणीतरी असंही लिहिलं, की पोलादी आणि मॅडम यांनी लग्न करावं. ते मी बायकोला दाखवलं नाही.

याच सुमारास दुकानात मी एक मोठी योजना आखली. एका फिरत्या विक्रेत्याने सांगितलं होतं, की आता काचा शहराबाहेरच्या कारखान्यात घासून मिळतात. फ्रेमचं माप पाठवायचं, दोन दिवसांत तयार काच हातात. म्हणजे मागची खोली मोकळी. तिथे नंबर तपासायची खोली करायची, थंडगार, मऊ खुर्ची असलेली. आणि दादाची त्या धुळीतून सुटका. तो माझ्याशेजारी काउंटरवर बसेल, आराम करेल. दादावर माझं प्रेम आहे हो. वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो. त्याने आपलं कॉलेज सोडलं आणि त्या स्टुलावर जाऊन बसला. तेव्हाही तो काही बोलला नव्हता.

मी पार्टिशनमधून डोकं घालून त्याला सांगितलं. "दादा, आता तुझी या कटकटीतून सुटका. यंत्र विकून टाकू. जुन्या यंत्रांचा एक व्यापारी आहे, तो गुरुवारी टेम्पो घेऊन येतो म्हणालाय. चालेल ना?"

चाक फिरत होतं. दादाने काच उचलली, उजेडात धरली, परत खाली ठेवली.

"हं," तो म्हणाला.

लांब 'हं'. कोशाप्रमाणे, पटलं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मालिकेतल्या धाकट्याने थोरल्याचा जुना ट्रक विकला. थोरला काही बोलला नाही. फाटकापाशी गेला, ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवला आणि निघून गेला. मला गहिवरून आलं. गुरुवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी गटात लिहिलं, 'याला म्हणतात पुरुष. ट्रक गेला, चेहऱ्यावर सुरकुती नाही. त्याला ट्रकचं काहीच नव्हतं.'

तेवढ्यात आमचे जुने गिऱ्हाईक शिंपीकाका आले. त्यांना सुईत दोरा दिसेना. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची ती लोखंडी चौकट चढवली, काचा बदलून पाहिल्या. मग मला आमच्या खास सेवेची हुक्की आली. चौकट स्वतःच्या नाकावर चढवली, गिऱ्हाइकाला काय दिसत असेल ते आपण अनुभवायला, आणि तशातच मॅडमचं उत्तर आलं. फोन नाकाशी धरला तर त्या जाड भिंगांतून एकेक अक्षर वांग्याएवढं दिसत होतं.

मॅडमनी लिहिलं होतं, 'धाकट्याचा दोष नाही. त्याने विचारलं होतं. थोरल्याला नाही म्हणता आलं नाही. माझ्या ओळखीचा असा एक माणूस आहे. आज त्याचं यंत्र न्यायला येणार आहेत. घरच्यांना वाटतं त्याला धुळीचा त्रास होतो. त्याला ती धूळ आवडते. तिथे बसलं, की आपल्याला काहीतरी नीट करता येतं असं त्याला वाटतं.'

मागच्या दाराशी टेम्पो लागल्याचा आवाज आला. व्यापाऱ्याची माणसं बोल्ट काढायचे पाने घेऊन आत गेली. मी काउंटरवरूनच ओरडून त्यांना जपून उचलायला सांगितलं आणि मॅडमना लिहायला लागलो.

'मॅडम, त्या माणसाला धीर द्या. खरा पुरुष यंत्राला कवटाळून बसत नाही.'

पाठवलं. आज चाकाची घरघर नव्हती. पार्टिशनच्या पलीकडे 'टिंग' असा आवाज झाला.

मी लक्ष दिलं नाही. पुढे लिहिलं, 'आणि धूळ कोणाला आवडते हो?'

टिंग.

"तुमच्या दुकानात मांजर आहे का, गळ्यात घंटा बांधलेली?" शिंपीकाकांनी विचारलं.

मी फोनकडे पाहिलं. पार्टिशनकडे पाहिलं. मग हळूच एवढंच लिहिलं, 'मॅडम?'

टिंग.

'मॅडम मॅडम.'

टिंग.

मी पार्टिशनमधून डोकं घातलं. खोली एकदम मोठी दिसत होती. फरशीवर चार बोल्टांची चार भोकं होती आणि यंत्राच्या जागी स्वच्छ चौकोन. स्टुलावर दादा बसला होता. चष्मा कपाळावर, फोन दोन्ही हातांत धरलेला, उजव्या हाताचा अंगठा अक्षर शोधत हवेत थांबलेला. माझ्या भिंगांतून तो केवढा तरी मोठा दिसत होता आणि कडेने विरघळत होता. ती भिंगांची करामत होती की डोळ्यांची, ते मी सांगणार नाही.

"यंत्र कुठंय?" मी म्हणालो.

त्याने मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

मी धावलो. नाकावरची चौकट काढायची अक्कल मला सुचली नाही, हे आधीच कबूल करतो. त्या भिंगांतून रस्ता म्हणजे पाण्याने भरलेली परात कोणी हलवावी तसा हेलकावत होता. विजेचे खांब वाकून मला नमस्कार करत होते. समोर एक निळा गोळा घरघरत निघाला होता. मी त्याच्यापुढे हात पसरून उभा राहिलो.

"यंत्र उतरवा," मी म्हणालो. "आमचा विचार बदललाय. भाऊ आहे तो माझा. उतरवा."

निळ्या गोळ्यातून एक डोकं बाहेर आलं. "कसलं यंत्र? गाद्या आहेत."

"गाद्यांखाली असेल."

"गाद्यांवर माझी सासू बसलीय. घर बदलतोय आम्ही."

मागून एका बाईचा आवाज आला, "जावईबापू, तो दारू प्यायलेला दिसतोय, त्याच्या नादी लागू नका." मी त्यांना समजवायला गेलो, की मी चष्मेवाला आहे, आणि नमस्कार करायला म्हणून जे हात जोडले ते शेजारच्या सायकलीला. तोवर खरा टेम्पो, करड्या रंगाचा, माझ्या पाठीमागून आरामात निघून कोपऱ्यापर्यंत गेला होता.

आणि तेव्हा तो आवाज आला.

"थांबा!"

रस्ता थबकला. भाजी घेणाऱ्या बायका वळल्या. करड्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. मी पण थांबलो, आणि मी तर उभाच होतो. वडिलांचा आवाज होता तो, अगदी तोच. वडील जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

दादा रस्त्याच्या मधोमध धावत येत होता. पायात दुकानातल्या रबरी सपाता, अंगावर काचेच्या पांढऱ्या धुळीचा ॲप्रन. टेम्पोपाशी जाऊन त्याने फळीवर हात ठेवला.

"ते यंत्र माझं आहे," तो म्हणाला. "मला ते हवंय. मी नाही म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही. चूक माझी आहे. पण मला ते हवंय."

एका दमात पाच वाक्यं. मी बोटांवर मोजली.

व्यापारी खाली उतरला. त्याने आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्या नाकावरच्या लोखंडी चौकटीकडे. "साहेब, तुमच्या भावानेच तर घेऊन जा म्हणून बोलावलं. तुमच्यात ठरवणारा कोण, ते आधी ठरवा की."

"ठरवणारा हा," मी म्हणालो.

"दोघंही," दादा म्हणाला.

व्यापारी भला माणूस निघाला. माझीही अशीच एक वखारीतली करवत होती, असं काहीतरी पुटपुटला आणि त्याच्या माणसांना गाडी मागे घ्यायला सांगितली. यंत्र उतरवायला गाद्यावाला जावईसुद्धा आला. त्याच्या सासूबाई गादीवर बसून, कुठला कोपरा आधी वळवायचा ते सांगत होत्या, आणि बरोबर सांगत होत्या. बोल्ट परत त्याच चार भोकांत बसले. दादाने चाकावर पाणी सोडलं, एक जुनी काच लावून पाहिली, कान जवळ नेऊन आवाज ऐकला.

सगळे गेल्यावर मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो.

"दादा, पोलादी मीच," शेवटी मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू बोलतोस तसंच लिहितोस. आणि 'निर्विवाद' चुकीचं लिहितोस."

"मग सांगितलं का नाहीस? महिनाभर मी तुला मॅडम म्हणतोय."

दादाने चाक बंद केलं. हात पुसले. तो बराच वेळ फडक्याकडे बघत होता, आणि मी, खरं सांगतो, पहिल्यांदाच मधे न बोलता थांबलो.

"मॅडमचं तू ऐकत होतास," तो म्हणाला.

मी खाली फरशीवरच बसलो.

"तुला माहितेय छोट्या," तो पुढे म्हणाला, "वडील गेले तेव्हा तू आईच्या गळ्यात पडून रडलास. आई तुला धरून रडली. मी बाहेर लोकांना खुर्च्या देत होतो. सगळे म्हणाले, थोरला किती खंबीर. मला आत यायचं होतं. पण खुर्च्या कोण देणार? नंतर तेच काम माझं झालं."

"मला तर वाटायचं, तुझ्यासारखं व्हावं," मी म्हणालो. "लहानपणी आरशासमोर जबडा आवळायचो. दात दुखायला लागायचे."

"मी बघितलंय."

"आणि?"

"मला वाटलं, दाढ किडली. वडिलांना सांगितलं होतं मी." तो जरासा हसला. "म्हणून तर तुला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं."

मला ते आठवत होतं. एक चांगली दाढ फुकट गेली होती माझी. पण त्या वेळी मला राग आला नाही. आम्ही दोघं हसत बसलो. मधेच दादाचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत, तसेच राहू दिले. मी काहीतरी गंभीर बोलणार होतो, तेवढ्यात पार्टिशनपलीकडून शिंपीकाकांचा आवाज आला, "अरे, माझे डोळे घेऊन कुठे गेलास रे? मी अर्ध्या तासापासून तक्त्याच्या पहिल्या ओळीवर आहे."

नंबर तपासायची थंडगार खोली रद्द झाली. काउंटरच्या बाजूला एक जाड पडदा लावला आणि त्यामागे मऊ खुर्ची ठेवली, तेवढ्याने भागलं. दादा रोज संध्याकाळी तासभर पुढे येऊन बसतो. सुरुवातीला गिऱ्हाइकांना वाटायचं की दुकानात कोणाचा तरी अपघात झालाय. आता ती त्याच्याशी बोलतात. तो एखादंच वाक्य बोलतो, पण मापाचं, केसभरही जास्त न घासलेलं. वहिनी म्हणते, घरीसुद्धा सुधारणा आहे. परवा त्याने तिला, मीठ कमी आहे पण तू दमली असशील, असं सात शब्दांचं वाक्य ऐकवलं, आणि ती बिचारी मीठ घ्यायला उठली ती स्वयंपाकघरात उभी राहून रडून आली.

मालिकेत मात्र थोरल्याचा जबडा अजून आवळलेलाच आहे. बायको म्हणते, त्याला फोन घेऊन द्या.

गेल्या आठवड्यात गटातल्या लोकांनी मॅडमना विचारलं, की त्या यंत्रवाल्या माणसाचं पुढे काय झालं? मी काउंटरवर होतो. मागे चाक थांबलं. मग माझ्या फोनवर अक्षरं उमटली.

'यंत्र राहिलं. त्याच्या धाकट्या भावाने ते परत आणायला चुकीचा टेम्पो अडवला. असा भाऊ असायला नशीब लागतं. मनाने फार चांगला आहे. तोंडाने निम्मा बोलला असता, तर देवमाणूस म्हणता आलं असतं.'

सातशे लोकांनी अंगठा दिला. पहिला माझाच होता. घाईत चुकून दाबला गेला, पण मागे घेतला नाही.